कॅप्सूलचं विरजण

सकाळी सात वाजता धाकटी बहीण मोरीच्या उंबऱ्यावर आडवी पडली होती. श्वास खोल, जोरजोरात, भात्यासारखा चालला होता. डोळे उघडे होते, पण ती मला बघत नव्हती. तोंडाला फार पिकलेल्या फळासारखा वास येत होता. मी वाकून तो वास घेतला. चाळीस वर्षं मी घरी दही लावून विकलं आहे, दूध कुठं बिघडलं ते मला नाकानं कळतं. मला वाटलं, पोटात आंबलंय. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि वाटीनं ताक पाजायला लागले. ते हनुवटीवरून खाली आलं.

मग मी समोरच्या बाईंचं दार वाजवलं. बहिणीसारखाच त्यांनाही साखरेचा आजार आहे, त्यांच्याकडे रक्त तपासायचं यंत्र होतं. आमचंही होतं, पण त्याच्या पट्ट्या संपल्या होत्या आणि मी आणल्या नव्हत्या. बाईंनी बहिणीच्या बोटाला टोचून थेंब घेतला. यंत्रावर आकडा आलाच नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली. बाई म्हणाल्या, यंत्राला मोजता येत नाही इतकी साखर आहे. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "सुई दिली होती ना?"

"नाही," मी म्हणाले. "तीन आठवडे दिलेली नाही."

ते कसं झालं ते सांगते.

बहीण विधवा झाल्यावर माझ्याकडे राहायला आली. मीही एकटीच होते. कसब्यातल्या दोन खोल्यांत आम्ही अकरा वर्षं राहिलो. साखरेनं तिचे डोळे अधू केले होते, सिरिंजवरच्या रेघा तिला दिसत नसत. म्हणून इन्सुलिन मी द्यायचे, सकाळी आणि संध्याकाळी, पोटावर. मी शाळा चौथीपर्यंत शिकले, पण रेघा मोजता येतात. तिच्या पोटाला टोचून टोचून गाठी झाल्या होत्या. रोज ती कुरकुरायची आणि रोज मी टोचायचे.

उन्हाळ्यात तिला लघवीचा त्रास झाला. डॉक्टरांनी जंतू मारायची औषधं दिली, त्यानं पोट बिघडलं. तेव्हा त्यांनी दहा कॅप्सूल लिहून दिल्या. आतड्यातले चांगले जंतू मेलेत, ते यानं परत येतील, असं ते म्हणाले. मी विचारलं, म्हणजे दह्यातल्यासारखेच का? ते म्हणाले, तसेच, पण निवडून घेतलेले. अशा जंतूंनी साखरही थोडी ताब्यात राहते असं काही जणांना दिसलंय, अभ्यास चालू आहे. पुढं ते म्हणाले, इन्सुलिन मात्र बंद करू नका. पुढचं मी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं आणि बाजूला ठेवलं.

घरी येऊन मी एक कॅप्सूल उघडली आणि पूड कोमट दुधात टाकली. दूध किती कोमट असावं, तर करंगळी बुडवून दहा म्हणेपर्यंत चटका बसू नये. सकाळी दही लागलं होतं, घट्ट, कवडी पडेल असं. त्यातलं चमचाभर ठेवून दुसऱ्या दिवशी त्याचंच विरजण लावलं. दह्यापासून दही होतं, तसं या जंतूंपासून जंतू होत राहतील, मग दहा कॅप्सूल घ्यायच्या कशाला, असा माझा हिशेब. विरजणातलं मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं. चाळीस वर्षांत माझं दही एकदाही फसलं नव्हतं.

आठवड्यानं साखर तपासली तर उतरली होती. पोट बिघडल्यामुळं बहीण चार घास जेवत होती, म्हणून ती उतरली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी दह्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी सिरिंज भरली तर तिनं पदर पोटावरून काढलाच नाही. म्हणाली, "ताई, आता नको टोचूस. तुझ्या सुईपेक्षा तुझं दही बरं. ते निदान टोचत नाही."

मी हसले आणि सिरिंज ठेवून दिली. हातातली ठेवली ती मी. तिला दिसत नव्हतं, मला दिसत होतं.

इमारतीत बातमी गेली. आमच्याकडे विरजण मागायला येतात, नाही म्हणायची रीत नाही. माझ्या वाट्यांतून तीन घरांत ते दही गेलं. मी प्रत्येकीला सांगितलं की साखर उतरते. मला ते सांगायला आवडत होतं.

तिसऱ्या आठवड्यात बहीण सारखी पाणी मागायला लागली. तांब्या भरून ठेवला की रिकामा. सारखी मोरीकडे जायची. मी म्हटलं, उकाडा आहे. ती सुकत चालली होती, तर मी म्हटलं, अंग हलकं झालं. शेवटचे दोन दिवस तिला मळमळत होतं, मी ताकात मीठ घालून दिलं.

त्या सकाळी खालच्या तांब्याच्या भांड्यांच्या दुकानातल्या दोघांनी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला. गल्लीत गाडी येत नाही, रिक्षा तोंडाशी उभी केली. समोरच्या बाई बरोबर आल्या. बहिणीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. अर्ध्या वाटेत बाई हळूच म्हणाल्या, "मीपण गोळ्या सोडल्यात हो. दहा दिवस झाले."

"घरी गेल्यावर आधी गोळी घ्या," मी म्हणाले. "आणि ते दही ओतून द्या."

"तुम्हीच सांगितलं होतंत."

"हो. मीच सांगितलं होतं."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. इन्सुलिन केव्हापासून बंद आहे आणि कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं, विरजणासकट. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आजी, तुमच्या दह्यात कॅप्सूलमधले जंतू उरले होते की हवेतले आणखी कुठले वाढले, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि सगळे उरले असते तरी त्यांनी इन्सुलिनचं काम केलं नसतं." दही वाईट नाही, असंही म्हणाल्या. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्त आंबट होतं, तोंडाचा तो वास त्याचा होता.

मग त्यांनी विचारलं, वास आला होता का?

आला होता म्हटलं.

दुपारी मी घरी आले ती अंघोळीलाही थांबले नाही. राहिलेल्या दोन्ही घरांत जाऊन सांगितलं. एकीनं दाराच्या आत उभी राहून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दही छान होतं हो तुमचं. आम्हाला कुठं साखर आहे, आम्ही आपलं भाताबरोबर खाल्लं." दुसरीनं वाटी धुवून परत दिली. रिकामी वाटी परत करत नाहीत आमच्याकडे. तिनं केली.

बहीण दवाखान्यात पाच दिवस होती. तिसऱ्या दिवशी थोडी शुद्धीवर आली. पाणी मागितलं, नर्सनं ओला कापूस ओठांना लावला. मी तिथं आहे हे तिला कळलं की नाही, सांगता येत नाही. मी तिला म्हणाले, सुई मी बंद केली होती, तू नाही. ती डोळे मिटून पडली होती. मूत्रपिंडं आधीच थकलेली, ती थांबली.

पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. समोरच्या बाईंच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या बऱ्या आहेत. मी आहे.