साजूक तुपाची होडी

आमच्या ठाण्याच्या कचेरीतल्या एका कारकुनांनी परसात स्वतःच्या हाताने होडी बांधली. आगगाडीत कोणीही खेटून बसतं, विटाळ होतो, म्हणून स्वारी कल्याणला सासुरवाडीला खाडीने जाणार! होडीच्या फटी बुजवायला सगळे राळेत मासळीचं तेल कालवतात; यांनी साजूक तूप कालवलं. "शास्त्र आहे," हे त्यांच्या प्रत्येक वाक्याचं शेपूट. मुंग्यांना ते शास्त्र फार आवडलं.

पहिल्याच दिवशी, काठापासून हाकेच्या अंतरावर, होडीतलं पाणी यांच्या कमरेला लागलं. एक कोळी आपली होडी घेऊन धावला, तर स्वारी हात आखडून विचारते, "आधी सांग, तुझ्या होडीला तेल कसलं?"

"खोबऱ्याचा हाय रावसाहेब, या वर!"

मासळीचा भपकारा आम्हाला काठावर येत होता. स्वारी वर चढता चढता म्हणाली, "मग हरकत नाही."