टायरचं पाऊल वाचणारा देवाजी

मला लिहिण्याची सवय नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे काढले आणि त्यांच्या कोपऱ्यात गावांची नावं घातली, तेवढंच माझं लेखन. देवाजीबद्दल जे सांगायचं आहे ते मला जमेल की नाही, ठाऊक नाही. पण त्याला काम करताना पाहिलेली माणसं आता कमी उरली आहेत. म्हणून प्रयत्न करतो.

धंतोलीतून अजनीच्या पुलाकडे निघालं की डाव्या हाताला एका कडुनिंबाखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, टायरांच्या चळती, पंक्चर पाहायला पाण्याचं घमेलं आणि हवेचा पंप. समोर पंधरा-वीस हात लांबीचा मातीचा पट्टा होता, अंगणासारखा सारवलेला. त्याची बायको तुळसाबाई रोज सकाळी चुलीची राख चाळून त्या पट्ट्यावर पसरायची. इतकी पातळ, की खालची माती जेमतेम झाकली जावी. ज्याला टायर घ्यायचं असेल त्यानं आधी आपली गाडी त्या राखेवरून हळू न्यायची. मग देवाजी उकिडवा बसून राखेत उमटलेलं पाहायचा आणि कोणतं टायर द्यायचं ते ठरवायचा. नवखा माणूस हसायचा. मीही हसलो होतो.

देवाजी नागभीडकडच्या एका जंगलातल्या गावचा. त्याचा बाप इंग्रजांच्या काळात शिकारी साहेबांच्या पुढे चालून वाघाचा माग काढायचा. ठसा पाहून सांगायचा, नर की मादी, पोट भरलेलं की उपाशी, कालचा की आज पहाटेचा. ही विद्या देवाजीला दहाव्या वर्षापर्यंत आली होती. "साहेब हत्तीवर, बंदूक साहेबापाशी, अन् माहा बाप अनवाणी सगळ्याइच्या पुढं," असं तो सांगायचा. छप्पन साली बापलेक दीक्षेसाठी नागपूरला आले. परत निघताना बाप म्हणाला, आता दुसऱ्याच्या शिकारीपुढं चालणं बंद. बाप गावी गेला आणि शेतमजुरीला लागला. देवाजी इथंच राहिला आणि घासलेल्या टायरांवर नवं रबर चढवण्याच्या कारखान्यात लागला. तिथं दहा वर्षं काढून त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. एकदा तुळसाबाईनं बाहेर टाकलेल्या राखेवरून कुणाची तरी स्कूटर गेली. त्या ठशाकडे पाहता पाहता देवाजीला एकदम कळलं, म्हणे, की ह्या गाडीचं मागचं चाक वाकडं बसलंय. त्यानं स्कूटरवाल्याला हाक मारून थांबवलं. चाक खरंच वाकडं होतं. तेव्हापासून राख सुरू झाली.

माझ्याकडे जावा मोटरसायकल होती, जुनी घेतलेली. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात मी आणि माझी बायको गोपिका तिच्या माहेरी छिंदवाड्याला निघालो होतो. दुपारचं ऊन. सावनेरच्या पुढे एका वळणावर गाडीचं मागचं चाक पोहायला लागल्यासारखं झालं आणि आम्ही आडवे झालो. मला खरचटलं. गोपिकेचं डावं मनगट मोडलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात प्लास्टर घातलं, ते दीड महिना होतं.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. पण पुन्हा गाडीवर बसलीही नाही. बाजाराला रिक्षानं जायची. माहेरी जायचं झालं की इतवारीहून अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेनं निघायची. ती गाडी दिवसभर रांगत छिंदवाड्याला पोचायची. मी स्टेशनवर पोचवायला जायचो आणि खिडकीपाशी उभा राहायचो, दोघांनाही काय बोलावं ते सुचायचं नाही. तिचा माझ्या हातावरचा भरवसा गेला, असं मी धरून चाललो होतो. मला एकच हवं होतं, तिनं पुन्हा माझ्या मागे बसावं. संक्रांतीला तिच्या माहेरी जायचं होतं. मी ठरवलं, त्याआधी गाडीला उत्तमातली उत्तम टायरं घालायची आणि मग तिला विचारायचं.

डिसेंबरात देवाजीकडे गेलो, मे महिन्यात पडल्याचं सांगितलं आणि म्हणालो, "सगळ्यात चांगली जोडी द्या."

"चांगली कायच्यासाठी?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे जायचं कुठं? एकटेच का दोघं? सामान कोनतं? सकाळचं जाता का दुपारचं?"

मी सांगितलं. छिंदवाडा, दोघं, एक पिशवी, संक्रांतीला पहाटे. सौसरपर्यंत सरळ रस्ता, मग सिल्लेवानीचा घाट.

"हेच तं लफडं हाये," देवाजी म्हणाला. "सरळ रोडले कडक रबर पायजे. कडक टायर नागपूरच्या उन्हात घासत नाही, बरसोबरस चालते. म्हणून जो येते तो एकच पुसते, किती किलोमीटर चालंन. पन घाटात दवानं रोड ओला असला का तेच कडक टायर घसरते. नरम टायर घाट पकडून ठेवते, पन उन्हाळ्यात लोण्यासारखं झिजते. तुमाले दोन्हीइच्या मधातलं पायजे. ते तुमाले पाहून निवडा लागंन. बाईले घेऊन या, राखेवरून जा."

टायर आल्यावर बायकोला बसायला सांगायचं, हा माझा बेत. ह्याचं म्हणणं, बायको बसल्याशिवाय टायर मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक शहाणपणा केला. गोपिकेच्या वजनाइतकं तांदळाचं पोतं मागच्या सीटवर बांधलं आणि गेलो. देवाजी काही बोलायच्या आत तुळसाबाईच हसायला लागली.

"अवो, बायको रुसली का तुमची? पोतं घेऊन फिरून राहिले!"

"वजन तेवढंच आहे," मी म्हणालो.

देवाजीनं पोत्यावर हात ठेवला. "बाबूजी, पोतं भेत नाही," तो म्हणाला. "मानूस भेते. भेलेला मानूस गाडीवर येगळा बसते, अन् त्याच्या पुढं बसनाराबी येगळा बसते. सोडा ते पोतं."

"तुम्ही गाडी चालवता तेव्हा—" मी काहीतरी बोलायचं म्हणून सुरुवात केली.

"हा?" तुळसाबाई म्हणाली. "हा मानूस सायकलवरून पडते. मोटरसायकल जलमात चालवली नाही त्यानं."

देवाजीनं ते हसून कबूल केलं. मी थक्क झालो. शहरातले पोलीस, डॉक्टर, दूधवाले ज्याच्या शब्दावर टायर घालत होते, त्या माणसानं कधी गाडीचा कान पिळलेला नव्हता.

घरी आल्यावर दहा-बारा दिवस मला तोंड उघडता आलं नाही. शेवटी जेवताना ताटाकडे बघत सगळं सांगितलं, पोत्यासकट. गोपिका पोत्याचं ऐकून हसली. मग म्हणाली, "बसते. पण तिथंच. तिथपर्यंत मी रिक्षानं येते."

रविवारी सकाळी ती आली. तुळसाबाईनं तिच्याकरता राखेचा नवा थर दिला. मी गाडी चालू केली. गोपिका मागे बसली आणि तिचा हात माझ्या खांद्यावर पडला, सात महिन्यांनी. मला वाटतं माझ्या पाठीचा तेव्हा पाटा झाला असावा. पायी चालण्याच्या गतीनं आम्ही त्या पट्ट्यावरून गेलो. ती लगेच उतरली.

देवाजी राखेपाशी बसला. बराच वेळ बसला. एकदा दोन बोटांनी काहीतरी मोजलं. मग उठून माझ्या मागच्या टायरवरून तळवा फिरवला, आधी मधून, मग दोन्ही काठांवरून.

"इकडं या," त्यानं मला खाली बसवलं. "हे पुढच्या चाकाचं पाऊल. कसं सापासारखं गेलं पाहा. अन् हे मांगचं, त्याले कापून राहिलं. वाघ निवांत चालत असला तं त्याचा मांगचा पाय पुढच्याच ठशावर पडते. भेलेला असला का इकडं एक, तिकडं एक. तुमी हँडल आवळून धरता. बाईबी आवळूनच बसल्या होत्या. दोघंबी भेता."

मी वर पाहिलं नाही. गोपिका मागे उभी होती.

"आता दुसरं," देवाजी म्हणाला. "तुमचं टायर मधात चांगलं हाये अन् काठाले खाल्लं हाये. पडले तवा मे महिना होता ना? हवा काढली होती का?"

काढली होती. आमच्या ऑफिसातला चंद्रभान दर उन्हाळ्यात सगळ्यांना सांगायचा, "मे महिन्यात टायर फुटते गा, थोडी हवा काढून घे." आणि आम्ही सगळे काढत होतो. त्याही दिवशी निघण्यापूर्वी मी दोन्ही चाकांची हवा काढली होती आणि ती काळजी घेतली म्हणून मला बरंही वाटलं होतं.

"अर्धं नागपूर हेच करते," देवाजी म्हणाला. "हवा कमी केली का टायर लचकते. लचकलं का अजून तापते. अन् वळनावर मांगचं चाक पोहाले लागते. तुमाले टायरनं नाही पाडलं, बाबूजी. हवेनं पाडलं."

मी उठलो. माझी मान आपोआप गोपिकेकडे वळली. "हवा मी काढली होती," मी म्हणालो. "माझ्यामुळे पडलो आपण."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते अजून विसरलो नाही. "मग मी नाही?" ती म्हणाली.

"तू कशी?"

"वळणावर माझा पदर उडाला. मी तो धरायला हलले, आणि त्याच क्षणी गाडी गेली. मला वाटत होतं, मीच पाडलं. तुम्ही काही बोलत नव्हते, म्हणून आणखीच वाटत होतं. पुन्हा बसले आणि पुन्हा हलले तर? म्हणून बसत नव्हते मी."

तुळसाबाईनं हातातली चाळणी खाली ठेवली. मग देवाजीला म्हणाली, "पाहा, आता. एका जागी राहून सात महिने दोघंबी वनवासात."

"पदरानं एवढी मोठी गाडी पडते का, बाई?" देवाजी म्हणाला. "तसं असतं तं मले एकबी बाईमानूस गाडीवर दिसलं नसतं."

गोपिका हसता हसता डोळे पुसायला लागली.

त्या सकाळी देवाजीनं टायर कसं निवडलं ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. पुढच्या चाकाला त्यानं सरळ उभ्या रेघांच्या नक्षीचं टायर काढलं, "हे दिशा सोडत नाही" म्हणून. मागच्यासाठी चळतीतून एकाच नक्षीची, एकाच मापाची पाच टायरं खाली घेतली. मला ती पाचही सारखीच दिसली. त्यानं प्रत्येकात अंगठ्याचं नख रुतवलं आणि नखाची खूण बुजायला किती वेळ लागतो ते पाहिलं. दोन लगेच बाजूला केली. उरलेल्या तिन्हींचा वास घेतला, बोटानं टिचकी मारून कान लावला. मग डोळे मिटून तिन्हींवरून एकेकदा तळवा फिरवला आणि मधलं माझ्यापुढे ढकललं. नकाशावर केसाइतकी रेघ ओढण्यात माझी हयात गेली. पण इतकं बारीक पाहणं मला कधी साधलं नाही, आणि त्यानं तर तेव्हा डोळे मिटले होते.

टायरं चढली, तरी त्यानं आम्हाला सोडलं नाही. "हवा आता भरून देतो, ते उन्हाळ्यातबी काढाची नाही. अन् आठ दिवस रोज राखेवरून जा. दोघं." आम्ही रोज संध्याकाळी जायचो. पहिल्या दिवशी ठसे वेडेवाकडे. तिसऱ्या दिवशी गोपिकेनं त्याला मुद्दाम विचारलं, "मी हलले तर चालेल?" तो म्हणाला, "हला. नाचा." ती खरंच जागेवर इकडून तिकडे हलली. गाडीला काही झालं नाही. सातव्या दिवशी मी उतरून पाहिलं तर राखेत एकच ओळ होती, पुढच्या पावलावर मागचं पाऊल. देवाजीनं झाडू घेतला आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पट्टा साफ करायला लागला.

पुढे देवाजीनं ते दुकान पंधरा-सोळा वर्षं चालवलं. दुकानापुढचा रस्ता रुंद झाला, पट्टा डांबराखाली गेला. त्यानंतर तो नुसता तळव्यानं पाहून टायर द्यायचा. तेही बरोबर यायचं, पण त्याला स्वतःला ते पटायचं नाही, "अर्धंच वाचलं" म्हणायचा. गुडघे गेल्यावर त्यानं दुकान विकलं. सिल्लेवानीचा घाट त्यानं कधी पाहिला नाही. मी दोनदा चला म्हणालो. तो म्हणाला, "तुमच्या टायरवर पाहून घेतो मी." खरंच, आम्ही छिंदवाड्याहून आलो की तो चाकापाशी बसायचा, नक्षीतले खडे नखानं काढायचा आणि विचारायचा, "वरच्या अंगाले रोडचं काम चालू हाये का?" काम चालू असायचं.

त्या संक्रांतीला आम्ही पहाटे निघालो. सावनेरपुढचं ते वळण आलं तेव्हा गोपिकेचा हात खांद्यावर जरा घट्ट झाला आणि वळण मागे पडल्यावर सैल झाला. रामाकोन्याजवळ संत्र्याच्या बागांवर धुकं होतं. घाट चढायला लागलो तेव्हा रस्ता दवानं काळा झाला होता. पहिल्या वळणावर मी श्वास धरला. मागचं चाक रस्त्याला असं चिकटून वर आलं, जणू रस्ताच आम्हाला हातात घेऊन वळवत होता. दुसरं वळण, तिसरं. चौथ्यानंतर मी मोजणं सोडलं.

माथ्यावर गाडी थांबवली. खाली सागाचं रान पसरलं होतं, आणि त्यातून आम्ही आलो तो रस्ता दिसत होता, वळत वळत, पार तळापर्यंत. गोपिका उतरली. कठड्याशी जाऊन बराच वेळ खाली पाहत राहिली. माहेरी वाट पाहत असतील, असं मी म्हणालो.

"पाहू द्या थोडी," ती म्हणाली आणि परत येऊन मागे बसली. "एकदा खाली जाऊन पुन्हा वर येऊ या का?"

मी गाडी वळवली.