वजनाच्या सकाळचं दूध

धारोष्ण दुधाचं कौतुक कुणी माझ्यासमोर करू नये. शिसारी येते. कोल्हापुरात म्हैस कट्ट्यावर आणतात, गिऱ्हाईकासमोर पिळतात आणि फेसाळ पेला तसाच हातात देतात. बाहेरचे पावणे फोटो काढतात. मी मात्र म्हशीच्या अंगाचा वास मारणारा तो कोमट फेस दुसरीत असल्यापासून रोज पहाटे नाक दाबून गिळलाय.

आबा, म्हणजे माझे वडील, जुने पैलवान. पोरीनं मातीत लोळणं आजीला पटेना, म्हणून माझ्या हातात ग्लोव्हज आले. बॉक्सिंगमधलं आबांना ओ की ठो कळत नव्हतं. मोबाईलवर बघून शिकवायचे. पण खरं सांगते, जिल्ह्यात मला तोड नव्हती.

राज्याच्या संघाची निवड कोल्हापुरातच होती. वयोगटातलं माझं शेवटचं वर्ष. या वेळी नाही तर कधीच नाही. गट अठ्ठेचाळीस किलोचा. तोवर मी त्याच्या बरीच खाली असायचे, पण त्या वर्षी अंग भरलं होतं. आदल्या दुपारपासून पाणीही घेतलं नव्हतं. सकाळी वजन द्यायला निघालो, तर आबांनी गाडी कट्ट्यावर थांबवली. त्यांचे झाडून सगळे दोस्त तिथं जमलेले. आबांनी दुधाचा भरला तांब्या माझ्यापुढं धरला.

"आबा, आधी वजन हाय," मी कळवळून म्हणाले.

"गप पी. उपाशीपोटी कोण लढतंय व्हय? जत्रेच्या मैदानात आमची जोड नुसत्या नजरेनं ठरायची. काटा कुणी बघितलाय?"

म्हातारे बघत होते. चारचौघांत बापाचा तांब्या परत कसा करणार? आख्खा प्यायले.

काटा पुढं गेला. थोडासाच. वजन घेणाऱ्या बाई म्हणाल्या, वेळ संपेपर्यंत उतरवून ये. मग आबांनी मला रेनकोट घालून मैदानाभोवती पळवलं, थुंकायला लावलं. थुंकी येईना तेव्हा चिंच चोखायला दिली. शेवटी संडासामागं नेऊन आपली दोन बोटं माझ्या नरड्यात घातली. दूध त्यांच्या मनगटावरून ओघळलं आणि ते खुशीत ओरडले, "आलं की! आलं सगळं!" शी! त्या बोटांची तंबाखूची चव अजून जिभेवरून जात नाही.

तरी वजन जास्तच भरलं. वेळ संपली आणि मी बाद झाले.

आबा बाहेर काट्याला शिव्या घालत होते. आत रिंगमध्ये माझ्याशी लढणार होती ती पोरगी एकटीच उभी होती, पंचांनी तिचा हात वर केला. तिला मी आधी दोनदा हरवलं होतं.

त्या दिवशी ग्लोव्हज सोडले. आता लग्न करून उचगावात राहते, एमआयडीसीत नोकरी करते. आबा अजून भेटेल त्याला सांगतात, "त्या वर्षी माझ्या पोरीला कुणी हरवलं न्हाय." परवा आमच्या घरी पावण्यांसमोर पुन्हा तेच. माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय आबा, तुम्ही मला रिंगपतोर पोचूच दिलं न्हाय की."

पावणे हसले. आबाही पोट धरून हसले. त्यांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय.