नवस आमचे, गुडघे मावशीचे

आमच्या वटार गावात कुणीही नवस स्वतः फेडण्यासाठी बोलत नसे. फेडायला मावशी होती. ताप आला, मुलीचं जमेना, पानवेलीला रोग लागला, की घरातलं कुणीतरी हात जोडून डोंगरीवरच्या देवळातल्या माउलीला, प्रभूच्या आईला, काहीतरी कबूल करून बसे, आणि काम झाल्यावर मावशीच्या दारात येऊन डोकं खाजवत उभं राही. मावशी पानं निवडता निवडता मान वर न करता विचारी, "चालायचंय, का उपास?" एवढं भलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि त्या भलेपणाचं तिला काय मिळालं हे आठवलं, की भलं असण्यात काही अर्थ आहे का असं मला वाटतं. असं मनात आणणं पाप आहे. फादरांना मी ते अजून सांगितलेलं नाही.

ती माझ्या सासूबाईंची मावसबहीण. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला, मूल नव्हतं. पाणंदीच्या टोकाला तिचं झावळ्यांचं घर होतं आणि दुसऱ्यांच्या मळ्यांतली विड्याची पानं निवडून, जुड्या बांधून ती पोट भरी. अंगानं उंच, आडवी, आवाज रहाटाच्या चाकासारखा करकरीत. पाय तर असे, की टाचांच्या भेगांत चिंचोका बसावा. ते पाय म्हणजे गावाची मालमत्ता होती. डोंगरी तीन कोसांवर. मावशी महिन्यातून दोनदा तरी कुणाच्या ना कुणाच्या नावानं अनवाणी तिथं जाऊन येई, आणि वाटेत कुणी विचारलं, "आज कुणाचा गो?" तर नाव सांगत नसे. "माझाच समज," म्हणे.

उपासही तसेच. एका घरचा बाप लेकीच्या लग्नासाठी वर्षभर माडी सोडायचा नवस बोलला होता. लग्न झालं. तिसऱ्या आठवड्यात तो तोंड पाडून मावशीच्या ओट्यावर येऊन बसला. मावशी म्हणाली, "मी माडी कधी घेतलीच नाय, तर सोडू काय? मी चहा सोडते." चहावर तिचा जीव होता. लढाईच्या दिवसांत साखर मिळेना तेव्हा गूळ घालून, गूळ मिळेना तेव्हा नुसताच पीत असे. तो चहा तिनं वर्षभर सोडला आणि तो गृहस्थ वर्षभर निर्धास्त मनानं माडी पीत राहिला. नाताळात मात्र तिच्या घरासमोरून जाताना डोकीवरची टोपी काढून गेला म्हणतात. तेवढंच.

ख्रिस्ती-हिंदू असंही तिच्याकडे काही नव्हतं. शेजारच्या वाडीतल्या भाऊंचा रहाटाचा बैल ऐन चैत्रात लंगडा झाला, केळी सुकायला लागल्या. भाऊ कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाले, "मावशी, तुमच्या माउलीला आमचा बैल चालेल का?"

"बैलाला कुठला धर्म, भाऊ? पाय कुठला तो सांग."

आमच्याकडे आजारी माणसाच्या उंचीची मेणबत्ती माउलीला लावतात. बैल बरा झाला आणि मावशी केळीच्या सोपटाची दोरी घेऊन त्याचं माप काढायला गेली. भाऊ म्हणाले, पाठीपर्यंत धरली तरी पुरे. मावशीनं दोरी शिंगांच्या टोकापर्यंत नेली. "देवाशी मापात काटछाट नको," म्हणाली. ती लांबलचक मेणबत्ती डोकीवर आडवी धरून ती उन्हातून निघाली, आणि डोंगरीला पोचेपर्यंत मेणबत्ती दोन्हीकडून वाकून खुद्द बैलाच्या शिंगांसारखी झाली. ती उभी राहीना. मावशीनं ती तशीच दोन्ही टोकांना पेटवली आणि भाऊंना येऊन सांगितलं, "दोन्ही शिंगांचं झालं."

हे सगळं आमच्या फादरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी तिला रविवारच्या मिस्सानंतर देवळातच थांबवलं. मी मागच्या बाकावर होते. फादर म्हणाले, "बाई, दुसऱ्याचा नवस असा फेडता येत नाही. बोलेल त्यानं फेडावा."

मावशी म्हणाली, "फादर, प्रभूचा क्रूस उचलायला शेतावरनं येणारा माणूस धरलाच होता ना? तो कुठं नवस बोलला होता?"

फादर वाटेतून बाजूला झाले आणि म्हणाले, "जा, सावकाश जा."

आता माझं. मी जन्माची लाजरी. चार यत्ता शिकले, पण चारचौघांत नाव सांगायचं तरी मी कुणाच्या तरी मागे सरके. देवळातही खांबाआडची जागा धरून बसे. माझी लेक, बाय, सहा वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस काढायचे. मुंबईला नवीन औषध निघालंय असं डॉक्टर म्हणाले. माझ्या दिरांनी दोन खेपा केल्या, मिळालं नाही. दहाव्या रात्री बाय मला ओळखेना, तेव्हा मी नवस बोलले. देवाला आपली सगळ्यात अवघड गोष्ट द्यावी असं वाटलं, म्हणून बोलले की पोर बरी झाली तर माउलीच्या सणाला, भर गर्दीत, डोंगरीच्या पायऱ्या गुडघ्यांनी चढेन. गुडघ्यांची भीती नव्हती मला. लोक बघतील याची होती.

हे मी एकट्या मावशीला सांगितलं. सण आला तो तापाच्या अठराव्या दिवशी. आदल्या संध्याकाळी मावशी येऊन बायच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "उद्या मी चढून येते."

"पण बरी झाली तर, असं म्हटलंय मी."

"होणारच हाय. मग उद्या चढलं काय न् पुढल्या वर्षी चढलं काय. देवाला वर्षभर ताटकळत कशाला ठेवायचं?"

मी नको म्हटलं नाही. मला बरं वाटलं. पोर तापानं फणफणत होती आणि मला मनातून बरं वाटलं, की ते लोकांसमोर चढणं आता टळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाय गेली.

अंगणात सगळी आळी जमली होती तेव्हा मावशी परत आली. डोंगरीच्या पायऱ्या पावसाळ्यात शेवाळलेल्या; ती वाकल्या गुडघ्यांनी, काठी टेकत येत होती. लुगडं लालच, त्यामुळे रक्त दिसत नव्हतं, पण ते गुडघ्यांना चिकटलं होतं. हातात देवळातल्या आशीर्वादाच्या तेलाची बाटली होती. माणसं पाहून ती फाटकाशीच थांबली. आणि मी, जिला चारचौघांत तोंड उघडता येत नव्हतं, ती सगळ्यांच्या देखत बोलले. "नवस माझा होता. तू कशाला गेलीस? मी गेले असते तर माझी पोर जगली असती."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा त्या करकरीत आवाजात म्हणाली, "होय गो. माझंच चुकलं."

पुढे विहिरीवर बायका म्हणू लागल्या, "आगाऊ नवस फेडतात का कुठे? देवाला वाटलं, काम झालं." फादरांनी उपदेशात सांगून पाहिलं की देव असे सौदे करत नाही. कुणी ऐकलं नाही. तिच्या ओट्यावर येणारी माणसं बंद झाली. ज्यांच्यासाठी ती चालली होती तीच आता लेकरांना तिच्या घरावरून जाऊ देत नव्हती. मी घडा घेऊन पाणंदीतून येताना दिसले की मावशी कुणाच्या तरी वाडीत वळे, मला तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून. आणि मी वळू देत होते. चूक तिची होती तोवर मला दोन घास गिळता येत होते. पुढे मुलगा झाला, त्याच्या बाप्तिस्म्यालाही मी तिला बोलावलं नाही. चार वर्षं.

मग ती अंथरुणाला खिळली. सासूबाईंनी माझ्या हाती पेज दिली आणि म्हणाल्या, "तू जा." मी गेले. तिचे गुडघे त्या दिवसापासून कधी धड सरळ झालेच नव्हते, म्हणून ती एका कुशीवर पाय दुमडून पडली होती. एवढी आडदांड बाई, लहान मुलीएवढी दिसत होती. मी चमच्यानं पेज भरवली. तिनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, "मीठ विसरलीस." मी हसले, आणि मग मला रडू फुटलं. वाटेत जुळवलेलं वाक्य मी कसंबसं सुरू केलं. "मावशी, त्या दिवशी मी जे बोलले ते..."

तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "ते माझ्याकडे हाय ना? राहू दे माझ्याकडेच. तुला अजून पुष्कळ दिवस काढायचेत."

मला म्हणायचं होतं की नाही, ते दे मला, ते माझंच आहे. पण तेवढ्यात आळीतल्या दोन बायका दारात आल्या. मी तिचा हात हळूच बाजूला ठेवला, भांडं उचललं आणि मागच्या दारानं घरी आले. दुसऱ्या दिवशी मीठ घालून पेज नेली, तेव्हा तिला गिळता येत नव्हतं आणि माणसं ओळखू येत नव्हती. माझ्या हाताला धरून ती मला कुणी दुसरीच समजली, आणि विचारीत राहिली, "घरी सगळी बरी हायत ना?" मी म्हटलं, "बरी आहेत." पुन्हा विचारी. मी पुन्हा म्हणे, "बरी आहेत, मावशी."