राळेगावचे राक्षस आणि पऱ्हाटीची राख

यवतमाळच्या एसटी स्टँडवर उतरल्याबरोबर मी वही काढून सामान तपासलं. ब्रश आले, रंग आले, भिंगं आली, खोक्यात गुंडाळलेले राक्षस आले. टॉवेल पुण्याला राहिला.

राळेगावच्या गाडीत खोकं मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "बाई, यात काय हाये?"

"राक्षस आहेत. अंगठ्याएवढे."

"मंग त्याइले अर्धं तिकीट लागन," तो गंभीरपणे म्हणाला आणि पुढे गेला.

दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी होती. वेचणीचे दिवस, पण शेतं पांढरी दिसत नव्हती. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. तूर मात्र शेंगांनी वाकली होती.

पटावरच्या खेळांतले राक्षस आणि ड्रॅगन रंगवणं हा माझा धंदा. पुण्याच्या एका दुकानदाराला रंगवणारे हात हवे होते. राळेगावात तान्ह्या पोळ्याचे (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं मिरवतात ते) लाकडी नंदी रंगवणाऱ्या बायका आहेत, असं कळलं, म्हणून हे तीन दिवसांचं शिबिर. अट एकच होती. शेवटच्या दिवशी सहा नमुने मी सोबत न्यायचे. ते पसंत पडले, तर बायकांना वर्षभर काम.

शिबिर शोभाताईंच्या छपरीत (घरापुढच्या पडवीत) होतं. पन्नाशीच्या शोभाताई या सगळ्या बायकांच्या म्होरक्या. माळ्यावर नंदी ओळीनं उभे होते.

"पुढच्या पोळ्याचे हायेत," त्या म्हणाल्या. "कापूसच नाही झाला, तं लेकराइले नंदी कोन घेऊन देईन? हे काम लागलं तं बरं, मॅडम. नाही तं ब्रश ठेवून देतो अन् लोकाइच्या वावरात निंदाले जातो."

मी वेळापत्रक भिंतीला लावलं. नऊ वाजता सुरुवात, असं त्यात होतं. बायका पाणी भरून, भाकरी थापून अकराला आल्या. मी नऊचे अकरा केले.

पहिला धडा खडबडीत कातडीचा. आधी गडद रंग, तो खळग्यांत उतरू द्यायचा, मग जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा.

"पन राक्षसाची कातडी पाह्यली कोनं?" शोभाताईंची सून वैशाली म्हणाली.

"आपल्या आजूबाजूला शोधा," मी म्हटलं.

"मंग दूर कायले जा लागते? आत्याबाईच्या टाचा पाहा!"

शोभाताईंनी सुनेच्या पाठीत धपका घातला आणि खरोखरच पाय पुढे केला. भेगांमधला काळपटपणा, कडांचा पांढुरकेपणा, सगळं त्या टाचेत होतं. दुपारपर्यंत कारलं, सीताफळ आणि दारातल्या म्हशीची मान यांचीही पाहणी झाली. जेवायला सोले (ओल्या तुरीचे दाणे) घातलेली वांग्याची भाजी होती. वहीत मी तिच्यापुढे दोन बरोबरच्या खुणा केल्या.

दुसऱ्या संध्याकाळी सहा राक्षस तयार झाले. कातडी अशी जिवंत, की हात लावला तर खरखरेल. मी समाधानानं मुक्कामी गेले.

तिसऱ्या सकाळी पाहते तो सहाही राक्षस तुपात तळल्यासारखे चकाकत होते.

"वार्निश मारलं," शोभाताई अभिमानानं म्हणाल्या. "चमकला नाही तं नंदी कोनी हातात घेत नाही."

चकाकीत एकही चामखीळ दिसेना. गाडी दुपारी तीनची, नवे रंगवायला वेळ नाही. चूक माझीच होती. 'वार्निश नको' हे माझ्या यादीत नव्हतं. असे नमुने चालायचे नाहीत, असं मी सांगितलं तसा शोभाताईंचा चेहरा उतरला.

"म्हंजे काम गेलं?"

त्यांनी एक राक्षस उजेडात फिरवून पाहिला, मग त्या उठून चुलीपाशी गेल्या. उपटून चुलीत घातलेल्या पऱ्हाटीची बारीक राख चाळून आणली, ओल्या फडक्यावर घेतली आणि भांडं घासावं तसा, पण फार हलक्या हातानं, राक्षस घासू लागल्या.

भिंगातून पाहिलं. उंचवट्यांवरची चमक गेली होती, खळग्यांत मात्र राहिली होती. राक्षस आत्ताच दलदलीतून बाहेर आल्यासारखा ओलसर, घामेजलेला दिसत होता. पंधरा वर्षांत मला ही कातडी जमली नव्हती.

"सगळे घासा," मी म्हटलं. "पण डोळे सोडून!"

पऱ्हाटीनं यंदा कापूस नाही दिला, राख तं दिली, असं वैशाली म्हणाली आणि छपरी हसली.

पुण्याच्या दुकानदारानं सहाही राक्षस खिडकीपाशी नेले. "ही ओल कशी आणली?" त्यानं विचारलं. मी शिकवायला गेले होते आणि उत्तर मात्र माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर, शोभाताईंच्या नावाखाली लिहिलेलं होतं. राळेगावला पाठवायचं पुढचं खोकं त्यानं त्याच दिवशी बांधायला घेतलं.

मी शोभाताईंना फोन लावला. "काम लागलं! आणि राख जपून ठेवा हं."

पलीकडून आधी नुसता बायकांचा गलका आला. मग शोभाताई म्हणाल्या, "राख कायले जपा लागते, मॅडम? पऱ्हाटीचा ढीग हाये दारात. तुमी राक्षस धाडा!"