चार उसांचा मांडव

एस्तेरचं लग्न ठरलं तेव्हा दोन आठवडे मी देवाशी बोलले नाही. शुक्रवारी सूर्य मावळताना आमच्या घरात दिवा लागतो. तो मी लावत होते, पण ओठ मिटलेले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. यजमान साताऱ्यात शाळामास्तर होते म्हणून इथं आलो, आणि ते गेल्यावरही मी शिवणाचे वर्ग घेत इथंच राहिले. जाताना त्यांनी माझा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "पोरीला छुप्प्याखाली उभी कर." छुप्पा म्हणजे चार काठ्यांवर धरलेलं कापडी छत. आमची लग्नं त्याच्याखाली लागतात. मी हो म्हटलं होतं.

एस्तेर सांगलीला एका दवाखान्यात नर्स होती. तिथंच एक्स-रे काढणाऱ्या जोसेफशी तिचं जमलं. मुलगा गुणी, हसरा, पण कॅथलिक. त्याची आईही माझ्यासारखीच विधवा, रोज चर्चला जाणारी. मुलाचं लग्न वेदीसमोर व्हावं म्हणून तिनं मरियामाऊलीला साकडं घातलेलं. पोरांनी दोघींनाही एकाच मापानं मोजलं. नोंदणी कचेरीत सह्या करायच्या आणि संध्याकाळी आमच्या अंगणात चार माणसांसमोर एकमेकांना वचन द्यायचं. "धर्मगुरू कुणाचाच नको, प्रार्थनाही नको, आई," एस्तेर म्हणाली. "पण दोन्ही घरांतलं आवडतं ते घेऊ. आपलं छत, पायाखाली पेला फोडणं. त्यांच्या मेणबत्त्या." माझ्या मनात आलं, ही पोरं देवाचं सामान तेवढं मागवताहेत आणि देवाला आमंत्रण नाही.

दुष्काळ सरल्यानंतरचा उन्हाळा होता. लग्नाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं जोसेफची आई एक छोटी ट्रंक घेऊन आली. मी पाणी दिलं, तिनं घेतलं, आणि खिडकीपाशी बसून ती जपमाळ ओढू लागली. अकराला सह्या झाल्या. दुपारी दोनला अलिबागहून माझ्या थोरल्या भावाची तार आली. छुप्प्याचं कापड आणि काठ्या तो आणणार होता, वडिलांच्या जागी उभाही तोच राहणार होता. तारेत तीनच शब्द. येणं जमत नाही. का जमत नाही ते मला कळत होतं. मी पायरीवर बसले आणि पदरात तोंड घालून रडले. रडता रडता पंधरा दिवसांनी पहिल्यांदा देवाशी बोलले. म्हटलं, मला जमेल तेवढं केलं. आता तू बघ.

थोड्या वेळानं फाटक वाजलं. गुलाबी फेटा, पांढऱ्या मिशा, काखेत छत्री असे एक म्हातारे गृहस्थ आत आले. अंगणभर बघून म्हणाले, "लग्नघर ह्येच नव्हं? मांडव कुटं हाय?"

त्यांचं लग्नघर मागच्या गल्लीत होतं, पाच वाजून सात मिनिटांच्या मुहूर्ताचं. दाराचं झेंडूचं तोरण बघून ते आमच्याकडं शिरले होते. मी चूक सांगितली, पण त्यांनी माझे डोळे पाहिले आणि खालीच बसले. "आवं बाई, लग्नाच्या दिशी रडताय का?"

का कोण जाणे, मी त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं. यहुदी म्हणताच त्यांनी मांडीवर थाप मारली. "आवं, पायलंय मी तुमचं लगीन! लढाईत आमची पल्टन तिकडं पॅलेस्टाइनात हैफाला व्हती. एका बागंत लागलं. काय न्हाई वो त्यात. चौघांनी चार काठ्या धरल्या, वर चादर. पाव्हणं म्हणून आमालाबी आत घेतलं, लय ग्वाड काय काय खायाला घातलं. काठ्यांसाठी कुटं लगीन आडतंय व्हय?"

आणि ते उठून गेले ते कोपऱ्यावरच्या रसवंतीत. परतले ते खांद्यावर चार लांबलचक ऊस घेऊन. मागून हात पुसत रसवंतीवालाही आला होता, तमाशा बघायला. "काठ्या झाल्या," म्हातारे म्हणाले. "आता एक पांढरं फडकं द्या."

मी कपाटाकडं वळणार, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "थांबा." दिवसभरात जोसेफच्या आईचा हा पहिला शब्द. तिनं ट्रंक उघडली आणि पांढरंशुभ्र कापड काढलं. कडेनं हातानं विणलेली वीतभर लेस. "चर्चच्या वेदीवर घालायला विणलं होतं," ती म्हणाली. "याच्या लग्नासाठी. तिथं लग्न नाही हे ठाऊक होतं, तरी आज ट्रंकेत ठेवलं. कशाला ठेवलं, मलाच कळलं नव्हतं." मी शिवणकाम करणारी बाई. त्या लेसला किती वर्षं लागली असतील हे मला टाका बघून कळलं. मी तिचा हात धरला. मग आम्ही दोघींनी मिळून ते कापड उसांना बांधलं.

पाच वाजता एक ऊस फेटेवाल्यांनी धरला, एक रसवंतीवाल्यानं, दोन जोसेफच्या मित्रांनी. रसवंतीवाल्याचा हात मध्येच अवघडला आणि छत नवरदेवाच्या डोक्यावर टेकलं, तेव्हा सगळे मनमोकळं हसले. आम्ही दोघी आयांनी एकेक मेणबत्ती लावली, पोरांनी दोन्ही ज्योतींवर तिसरी पेटवली. अंगठ्या झाल्या, वचनं झाली. जोसेफनं पेला फोडला तसे फेटेवाले ओरडले, "शाब्बास रं गड्या!"

मग जे झालं ते ठरलेलं नव्हतं. एस्तेरनं आधी सासूपुढं, मग माझ्यापुढं मान वाकवली. सासूनं दोघांच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. शुक्रवारी लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून आम्ही म्हणतो ती आशीर्वादाची हिब्रू ओळ माझ्या तोंडून आपोआप निघाली. प्रार्थना नको म्हणणारी माझी लेक आमेन म्हणाली.

आमच्यात मानतात की एलियाहू संदेष्टा अनोळखी माणसाच्या रूपानं दारात येतो. त्या गोंधळात म्हातारे कधी निघून गेले कळलंच नाही, म्हणून मलाही तसंच वाटू लागलं होतं. पण आठवड्यानं मागच्या गल्लीत विचारलं तर ते सुभेदार निघाले, रहिमतपूरचे, आणि मुहूर्त चुकवला म्हणून बायकोची बोलणी खाल्लेले. मी आणि विहीणबाई पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. आभार मानले तर ते संकोचून म्हणाले, "आवं, मी कुटं काय केलं? मी तर वाट चुकलो."

मी जन्मभर देवाजवळ मागत आले की मला वाट चुकू देऊ नकोस. कुणाला तरी माझ्यासाठी वाट चुकव, असं मागणं मला कधी सुचलं नसतं. ते त्यालाच सुचलं. तेव्हापासून काय हवं ते मी त्याला सांगते, पण ते कुठल्या गल्लीतून आणावं हे सांगत नाही.