पंपातलं गुलाबपाणी, लिंबाखालच्या झोळ्या

लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना काय आवडेल हे ठरवायला आमच्या घरी जी बैठक बसली, तिच्यात एकही बाई नव्हती. वडील, थोरले काका, धाकटे काका आणि दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बैठक ओसरीवर आणि चहा आतून. तो चहा नेऊन देणारी मी आणि लग्नही माझंच, त्यामुळे मला निदान ऐकायला तरी मिळालं.

मांडव, बँड, बुंदी, टॉवेल-टोप्या हे ठरलेलंच होतं. वाद होता तो ‘काहीतरी वेगळं’ काय करायचं याचा. नव्वदीच्या त्या वर्षांत संगमनेरकडच्या आमच्या गावांना हा नवा रोग लागला होता. दुधाचा आणि डाळिंबाचा पैसा हातात खेळायला लागला आणि जो तो लग्नात वेगळं काही करायला निघाला. एकाने नवरदेव उंटावरून आणला. उंटाला मांडवाची झालर आवडली आणि ती त्याने सगळ्यांदेखत खाल्ली. दुसऱ्याने हार घालायच्या वेळी यंत्राने धूर सोडला, तर कोणी कोणाला हार घातला हे पुढे व्हिडिओच्या कॅसेटमध्येही दिसेना. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरं आहे. अक्कलही लागत नाही, एवढं मात्र कोणी सांगत नाही.

दाजींनी नगरच्या एका लग्नात एक मोठा पंखा पाहिला होता. त्यातून गार वारा यायचा आणि वाऱ्याबरोबर गुलाबपाण्याचे तुषार. पाहुणे म्हणे डोळे मिटून बसले होते. मेच्या उन्हात, दुपारच्या मुहूर्ताला, पुढाऱ्यांची भाषणं चालू असताना पाहुणे डोळे मिटतात ते सुखाने मिटतात असं फक्त आमच्या दाजींनाच वाटू शकतं. पण बैठकीला ते पटलं. चौकशी केली तर पंखा ऐन लग्नसराईत कुठेच मोकळा नव्हता. मला हायसं वाटलं. ते टिकलं नाही, कारण धाकट्या काकांना आठवलं की डाळिंबावर औषध मारायचा पाठीवरचा पंप आपल्या घरचाच आहे. त्यातूनही तुषारच उडतात.

माझ्या मनात मात्र वेगळंच होतं. मला ताई हवी होती.

आमच्यात मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी करवली दिवा घेऊन उभी राहते. सख्खी बहीण असताना दुसरं कोणी उभं राहत नाही. ताईच्या लग्नात मी तिच्या मागे उभी होते, तेव्हा माझ्या हाताला दिवा पेलत नव्हता आणि तिने मान न वळवता मला सांगितलं होतं की हात पोटाशी धर, म्हणजे दुखणार नाही. माझ्या लग्नात माझ्या मागे ती असणार हे मी तेव्हापासून धरून चालले होते. पण आता तिच्याकडे सहा महिन्यांचं बाळ होतं, आणि ते बँड वाजला की रडायचं, बँड थांबला की रडायचं, आणि मधल्या वेळात ती त्याला घेऊन फेऱ्या मारायची. त्या वर्षी घराण्यात झालेल्या प्रत्येक लग्नात ताई मागच्या खोलीत बसून होती. मांडवात तांदूळ पडले की तिला वाजंत्रीवरून कळायचं. जेवायला बसायची ती शेवटच्या पंगतीला, बाळ मांडीवर, एका हाताने, गार पुऱ्या. तिच्या सासूबाई म्हणायच्या, आम्हीही असंच वाढवलं, कोणाला सांगत बसलो नाही. ते मात्र त्या दर लग्नात सांगायच्या.

लग्नाच्या आठवडाभर आधी ताई माहेरी आली तीच डोळ्यांखाली काळं घेऊन. मला म्हणाली, करवली म्हणून चुलत बहिणीला उभी कर, माझं काही खरं नाही. बाळाला कोण धरणार? दाजींचं नाव आम्हा दोघींपैकी कोणीच घेतलं नाही. दाजी बाळाला धरत नसत. त्यांच्या हातून पडेल अशी त्यांना भीती वाटायची.

म्हणून पुढच्या बैठकीत मी चहाचे कप ठेवता ठेवता तोंड उघडलं. म्हटलं, पाहुण्यांना आवडेल असंच काही करायचं असेल तर गोठ्याशेजारच्या मोठ्या लिंबाखाली झोळ्या बांधा. कडुलिंबाची गार सावली आहे, बँडपासून लांब आहे. शेतात कामाला जाताना बाया बांधतात तशा जुन्या लुगड्यांच्या झोळ्या. ज्या बायका तान्ही लेकरं घेऊन येतील त्या निदान दोन्ही हातांनी जेवतील.

थोरले काका वडिलांकडे बघून म्हणाले, “झाडाला झोळ्या टांगल्या तर लोकं म्हनतील, यांच्या दारात ऊसतोडीची टोळी उतरली हाय.”

सगळे हसले. टोळीवाल्यांनी तोडलेल्या उसाच्या साखरेचा चहा पीतच हसले. दाजी तर म्हणाले की लेकरं सांभाळायला लग्नाला कोण येतं. खरंच होतं, त्यांच्यापैकी कोणी येत नव्हतं. मी रिकामे कप उचलले आणि आत आले. एक कप फुटला, तो चुकून फुटला नाही.

पुढचे दिवस पंपाचे होते. काकांनी आणि दाजींनी तो साबणाने धुतला, उन्हात ठेवला, परत धुतला. इतक्या मायेने आमच्या घरातल्या पुरुषांनी एखादी वस्तू धुताना मी पहिल्यांदाच पाहत होते. शेवटच्या धुण्याचं पाणी दाजींनी ओंजळीत घेऊन सगळ्यांना दाखवलं, अगदी आरशासारखं. मग हळदीच्या संध्याकाळीच त्यांनी पंपात गुलाबपाणी आणि अत्तर ओतून तो भरून ठेवला. सकाळी घाई नको.

हळद लागली की नवरीने मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नसतं. म्हणजे लिंबापर्यंत जाऊन मला स्वतः झोळ्या बांधता येईनात. मी आईला म्हटलं, “ताई मागं उभी ऱ्हाणार नसंल, तर मी पाटावर उभी ऱ्हाणार न्हाई.”

आईने मला चांगलंच झापलं. हळदीच्या अंगाने असं अभद्र बोलतात का, बापाची अब्रू काढायची आहे का, शिकवलं ते याचसाठी का. झापता झापताच तिने ट्रंक उघडली आणि आतून जुनी लुगडी काढायला लागली. ती मऊ झालेली, धुवून धुवून रंग गेलेली लुगडी तिने कोणाला कधी दिली नव्हती. मग तिने तिच्या मामांना हाक मारली, दोनदा, कारण त्यांना ऐकू कमी यायचं. मामाआजोबा दर लग्नात पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवले जायचे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत विसरले जायचे. कोणीतरी काम सांगितलं म्हटल्यावर ते कासरे खांद्यावर टाकून निघालेच. बैठकीचं लक्ष पंपात होतं. लिंबाखाली काय चाललंय हे कोणी पाहिलं नाही.

लग्नाच्या दिवशी मी नटूनथटून खोलीत बसले होते. खिडकीतून मांडव दिसत होता. वऱ्हाड आलं, मांडव भरला, आणि मुहूर्त अगदी तोंडावर आलेला असताना साखर कारखान्याचे एक संचालक आले. आमच्याकडे पुढाऱ्यांच्या आशीर्वादाशिवाय लग्न लागत नाही, आणि त्यांचा आशीर्वाद माइकवरूनच लागतो. त्यात पाऊसपाणी येतं, उसाचा भाव येतो, आमच्या घराण्याशी असलेले जुने संबंध येतात, आणि नवरा-नवरीची नावं कागदावर पाहून शेवटी येतात. पाहुणे मुठीत तांदूळ घेऊन बसतात. तांदूळ घामाने भिजतात.

संचालकांनी माइक हातात घेतला आणि दाजी पाठीवर पंप अडकवून मांडवात शिरले. सफारी सूटवर पंप. बाळाला पेलायला जे हात कमी पडायचे, त्यांतला एक आता दांडा मारत होता आणि दुसरा नळी फिरवत होता. पहिला मान अर्थातच संचालकांचा. दाजींनी अगदी जवळ जाऊन, डाळिंबाच्या झाडाला मारतात तसा, वरपासून खालपर्यंत एक फवारा मारला.

डाळिंबाला बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून मारतात. मोरचूद निळंशार असतं. पंपाची टाकी स्वच्छ झाली होती, पण नळीत आणि नोझलमध्ये जे सुकून बसलेलं होतं ते रात्रभर गुलाबपाण्यात छान भिजत पडलं होतं. संचालकांच्या पांढऱ्या शुभ्र कपड्यांवर आधी नुसतं पाणी दिसलं, मग हळूहळू फिकट निळे ठिपके उमलले. पाठोपाठ पहिल्या रांगेतल्या टोप्यांवर, मग दुसऱ्या. दाजींना काही कळायच्या आत त्यांनी वरपक्षावर औषध मारून पूर्ण केलं होतं.

संचालक माइक ठेवून हौदाकडे धावले आणि त्यांच्यामागे आमचे दोन्ही काका. भटजी तेवढे शहाणे निघाले. माइक मोकळा दिसताच त्यांनी तो ओढला आणि सांगितलं की मुहूर्त टळतोय, मुलीला आणा. भाषणाला मुकल्याचं दुःख लोकांनी फार धीराने सोसलं. मला तर वाटतं, पाहुण्यांना मनापासून आवडेल असं काहीतरी दाजींनी खरंच केलं होतं.

मला पाटावर उभं केलं. समोर अंतरपाट, त्यापलीकडे नवरदेवाच्या फेट्यावर दोन निळे ठिपके. मागे कोण आहे ते नवरीने वळून बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि मानेला दिव्याची ऊब लागली. मी मान न वळवता विचारलं, बाळ कुठाय? कानाजवळ ताईचा आवाज आला, “झोळीत हाय. मामाआजोबा हलवत्यात. ते रडलं तरी त्यांना कुठं ऐकू येतंय?” मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. कॅसेटमध्ये मी लग्नाच्या घटकेला तोंड वाकडं करून उभी आहे, आणि सासरी अजून त्याचं कारण विचारतात.

तांदूळ पडले. पुढचं मला सगळं मांडवातून दिसलं. लिंबाखाली सगळ्या झोळ्या भरल्या होत्या आणि जागा नाही म्हणून वऱ्हाडातल्या एका बाईने स्वतःच्या शालीची आणखी एक बांधून घेतली होती. मामाआजोबांच्या शेजारी गावातले तीन-चार म्हातारे एकेक दोरी धरून बसले होते. त्यांना इतकं महत्त्वाचं काम कोणत्याच लग्नात कोणी दिलं नव्हतं. संचालकही कपडे वाळेपर्यंत तिथेच सावलीला येऊन बसले आणि एका झोळीला अधूनमधून हात लावत राहिले. काय बोलावं ते त्यांना सुचत नसावं. थोरले काका त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले आणि सांगून आले की झोळ्यांची कल्पना आमच्या बैठकीतच निघाली होती.

आणि ताई पहिल्या पंगतीला बसली होती. दोन्ही हात मोकळे. पुरी वाफेची, बुंदी गरम, आणि ती मान खाली घालून नुसती जेवत होती. वाढपी दोनदा आला, ती नको म्हणाली नाही. जेवून ती लिंबाखाली गेली, झोळीत डोकावली आणि तिथेच सतरंजीच्या कडेला टेकली.

संध्याकाळी पाठवणीची वेळ झाली. गाडी दारात लागली, बायका रडायच्या तयारीला लागल्या आणि ताईला शोधायला लागल्या. थोरली बहीण गळ्यात पडल्याशिवाय पाठवणी कसली? ती लिंबाखाली झोपली होती. तोंड उघडं, डोक्याखाली हात, नवी पैठणी मातीत. तिच्या वरच्या झोळीत बाळही झोपलं होतं आणि मामाआजोबा दोरी हातात धरून बसल्या बसल्या पेंगत होते. तिच्या सासूबाई तिला उठवायला निघाल्या, तेव्हा मी त्यांना अडवलं. नव्या नवरीने मोठ्या माणसाला अडवायचं नसतं, पण अडवलं. मग बँड वाजवू नका म्हणून सांगितलं. बँडवाल्यांनाही ते आवडलं असावं. मी आईच्या गळ्यात पडून रडले, वडिलांच्या पाया पडले, आणि ताईला न भेटता गाडीत बसले. गाडी वळेपर्यंत मी लिंबाकडे बघत होते.

मांडव परतायला, म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदा, मी माहेरी आले तेव्हा ताई अजून तिथेच होती. ती माझ्याशी बोलेना. स्वयंपाकघरात तिने मला पाण्याचा तांब्या दिला तोही दुसरीकडे बघत. मग एकदम म्हणाली, “उठवलं का न्हाई मला? बहिनीची पाठवनी झाली आन् मी घोरत पडले. समदे तेच म्हनत्यात.”

म्हटलं, म्हणू देत.

ती खाली बसली. “लई दिवसांनी झोपले गं,” ती म्हणाली, आणि पाठवणीला रडायची राहिलेली ती तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत बाळ रडायला लागलं. ताई डोळे पुसत उठायला लागली. त्या खोलीत दाजी होते. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. बाळ बराच वेळ रडत राहिलं, दाजींनी दोनदा तिला हाक मारली, मग मारली नाही. हळूहळू आवाज थांबला. दाजींनी काय करून थांबवलं ते बघायला आम्ही दोघी उठलो नाही.